पुसून पुन्हां लिहिण्याची विद्या

लेखनविद्येचा इतिहास सांगतांना टांक, बोरू, शाई आणि कागद यांचें वर्णन सर्वजण आवडीनें करतात. परंतु पुसण्याच्या साधनांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक मनुष्य ज्या दिवशीं लिहूं लागला त्या दिवसापासूनच त्याला परस्परविरुद्ध अशा दोन गोष्टी हव्याशा झाल्या. लिहिलेलें टिकावें, ही एक. आणि चुकलेलें पुसतां यावें, ही दुसरी. महाराष्ट्रांतील जुन्या पंतोजींच्या शाळेंत मुलें लांकडी फळीवर धूळ पसरीत आणि तींत अक्षरें गिरवीत. तीच धूळपाटी आणि तींच धुळाक्षरें. तळहात फिरवला कीं पाटी कोरी. उलटपक्षीं राजानें कोणास भूमिदान दिलें तर त्याची सनद तांब्याच्या पत्र्यावर कोरली जाई. कारण चंद्रसूर्य असेपर्यंत तें दान चालावें अशी दात्याची इच्छा असे. धूळपाटीवर पुसणें सोपें, पण टिकणें अशक्य. ताम्रपटावर टिकणें निश्चित, पण पुसणें कष्टाचें. टिकाऊपणा ताम्रपटाचा आणि सोय धूळपाटीची, असा एखादा पदार्थ सांपडेल काय, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचें उत्तर १९७१ सालीं नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर मिळालें. तें कसें मिळालें, आणि त्या तुकड्यावर लिहितांना व पुसतांना कारागिरांना कोणकोणत्या अडचणींशीं झगडावें लागलें, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

अकराव्या-बाराव्या शतकांत करवीर प्रांतावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांनीं, विशेषतः गंडरादित्य व दुसरा भोज यांनीं, अनेक कोरीव लेख मागें ठेवले. त्यांच्याच आधारानें कोल्हापूरचा त्या काळचा इतिहास आज सांगतां येतो. भारतांतील ताम्रपटांचा अभ्यास करणाऱ्या पंडितांना कोठें कोठें एक चमत्कारिक प्रकार आढळला आहे. तांबें महाग, म्हणून जुना पत्रा ठोकून सपाट करावयाचा आणि त्यावरच नवा मजकूर कोरावयाचा. पण ठोकणाराचा हात कोठें हलका पडला, तर नव्या अक्षरांच्या खालून जुन्या अक्षरांच्या रेषा डोकावतात आणि वाचणारा गोंधळांत पडतो. अर्धवट पुसलेलें लेखन हें अजिबात न पुसलेल्या लेखनापेक्षां अधिक घातक असतें. हाच दोष शेंकडों वर्षांनीं अगदीं निराळ्या वेषांत पुन्हां उभा राहिला, तो पुढें येईलच.

कोल्हापूरनें आणखी एका प्रकारचें लेखन हिंदुस्थानास दाखविलें. तें म्हणजे प्रकाशाचें लेखन. कलामहर्षि बाबुराव पेंटर यांनीं विलायती यंत्रावर अवलंबून न राहतां आपल्या सहकाऱ्यांसह कोल्हापुरांतच चित्रपटाचा कॅमेरा तयार केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० सालीं लोकांपुढें आला. फिल्मवरील रुप्याच्या क्षारांवर प्रकाश पडला कीं त्यांत कायमचा फरक होतो. तो पुसून तीच फिल्म पुन्हां वापरतां येत नाहीं. असें हें एकदांच होणारें लेखन. तरीही ‘सैरंध्री’ आज पाहावयास मिळत नाहीं. म्हणजे जें पुसतां येत नाहीं तें टिकतेंच असें नाहीं. आतां ज्या शोधाची हकीकत सांगावयाची आहे, त्यांत प्रकाशाचें काम नेमकें उलट आहे. तेथें प्रकाश लिहीत नाहीं; तो पुसतो.

संगणकाची स्मृति म्हणजे हो आणि नाहीं, अथवा एक आणि शून्य, अशा दोनच खुणांची लांबच लांब ओळ. ह्या प्रत्येक खुणेस बिट म्हणतात, आणि असे आठ बिट मिळून एक बाइट होतें. ह्या खुणा कशावर कराव्या हा पहिल्यापासूनचा प्रश्न होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं जो संगणक उभारला आणि जो १९६० सालीं कामाला लागला, त्याचें नांव टिफ्रॅक. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याची स्मृति फेराइट नांवाच्या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येक कडी एका दिशेनें चुंबकित केली तर एक, दुसऱ्या दिशेनें केली तर शून्य. त्या स्मृतींत प्रत्येकीं ४० बिटांचे असे २,०४८ शब्द मावत. ह्या कड्यांची एक मौज अशी कीं त्या वाचल्या कीं पुसल्या जात. म्हणून यंत्र प्रत्येक शब्द वाचल्याबरोबर तो ताबडतोब पुन्हां लिहून ठेवी. वीज गेली तरी कडी आपलें चुंबकत्व सोडीत नसे, हा तिचा मोठा गुण. परंतु अशा हजारों कड्या तारांत ओंवावयाच्या म्हणजे काम किचकट, आणि त्याचा खर्चही तसाच.

अगदीं निराळ्या गरजेंतून दुसरी एक स्मृति १९५६ सालीं अमेरिकेंत निघाली. लांब पल्ल्याच्या ॲटलस क्षेपणास्त्रांत जो संगणक बसवावयाचा होता, त्यांतील लक्ष्याचे आंकडे प्रसंगानुसार बदलतां यावे, पण एकदां भरल्यावर तें हादऱ्यानें अथवा वीज गेल्यानें नाहींसे होऊं नयेत, अशी मागणी होती. वेन त्सिंग चाऊ या अभियंत्यानें उभ्याआडव्या तारांची एक जाळी केली, आणि जेथें खूण हवी तेथील दुवा जोराचा विद्युत्प्रवाह सोडून जाळून टाकण्याची युक्ति काढली. जळालेला दुवा म्हणजे एक अर्थ, शाबूत दुवा म्हणजे दुसरा. चिपमध्यें कार्यक्रम भरण्याच्या क्रियेला कारागीर आजही चिप ‘बर्न’ करणें म्हणतात, त्याचें मूळ ह्या जाळण्यांत आहे. पण जळालेलें पुन्हां सांधत नाहीं. एक आंकडा चुकला तर सगळी चकती केरांत. कारखान्यांतच मजकूर ठसवून घेतलेल्या स्मृतीची तऱ्हा याहून वाईट. कारण तेथें एका चुकीसाठीं सगळा घाणा फुकट जाई आणि नवीन माल हातीं येईपर्यंत कित्येक आठवडे वाट पाहावी लागे.

१९६७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत दावोन कांग आणि सायमन झी या दोन शास्त्रज्ञांनीं एक नवी कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरमध्यें प्रवाह चालू अथवा बंद करणारें एक दार असतें. ह्या दाराच्या खालीं धातूचा दुसरा एक थर ठेवावा, त्याचा कोणत्याही तारेशीं संबंध असूं नये, आणि त्याच्या चारी बाजूंना विद्युत्‌रोधक पदार्थाचें वेष्टण असावें. अशा अधांतरी थरांत इलेक्ट्रॉन कोंडले तर ते बाहेर पडूं शकणार नाहींत, आणि त्यांच्या असण्यानसण्यावरून एक कीं शून्य हें ओळखतां येईल. ह्या थराला तरंगतें दार असें नांव मिळालें. कल्पना उत्तम होती. परंतु बाजारांत विकतां येईल अशी वस्तु तिच्यांतून अद्याप निघाली नव्हती.

ती निघाली एका बिघाडाचा शोध घेतांना. डॉव्ह फ्रोहमन यांचा जन्म १९३९ सालीं ॲम्स्टरडॅम येथें एका ज्यू कुटुंबांत झाला. नाझी अमलाखालीं हॉलंडमधील एका शेतकरी कुटुंबानें ह्या मुलाला लपवून ठेवलें म्हणून तो वांचला; त्याचे आईबाप मात्र वांचले नाहींत. पुढें इस्रायल व अमेरिका येथें शिक्षण घेऊन ते १९६९ सालीं नुकत्याच निघालेल्या इंटेल कंपनींत दाखल झाले. कंपनीच्या आरंभींच्या एका मेमरी चिपमध्यें कांहीं केल्या न उलगडणारा दोष दिसत होता, आणि त्याचें कारण शोधण्याचें काम ह्या नव्या माणसाकडे आलें. तपास करतां करतां फ्रोहमन यांच्या मनांत असें आलें कीं कांहीं ट्रान्झिस्टरांच्या दारांचा संबंध तुटून तीं अधांतरी राहिलीं असावींत आणि त्यांवर भार सांचत असावा. दोष दूर करणें हें त्यांचें नेमलेलें काम. पण भार सांचतो आणि तो जात नाहीं, हा दोष नसून गुण आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें. जो भार नको तेथें उपद्रव देतो, तोच हवा तेथें स्मृति होतो. सोळा बिटांची एक ओबडधोबड मांडणी जुळवून आणि प्रत्येक बिटासाठीं एक तांबडा दिवा लावून ती त्यांनीं कंपनीचे एक संस्थापक गॉर्डन मूर यांच्या खोलींत नेऊन दाखविली. बटण दाबलें कीं खूण उमटे आणि ती तशीच टिके. १९७१ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला, आणि ‘१७०२’ ह्या अंकानें ओळखली जाणारी पहिली ईप्रॉम चिप बाजारांत आली. तिच्यांत २,०४८ बिट मावत. म्हणजे टिफ्रॅकमध्यें जितके शब्द होते तितकेच हे बिट झाले. मजकूर थोडा, पण तो हवा तेव्हां लिहितां येई, वर्षानुवर्षें टिके आणि हवा तेव्हां पुसतां येई. ह्याच वर्षीं पहिला मायक्रोप्रोसेसरही बाजारांत आला, आणि दोन्ही शोधांची जोडी जमली. मायक्रोप्रोसेसरला आज्ञा कोठून तरी मिळाव्या लागतात. त्या लिहून पाहाव्या, चुकल्या तर पुसाव्या आणि पुन्हां लिहाव्या, हें ईप्रॉममुळें साध्य झालें. सूक्ष्मसंगणकाच्या धंद्याच्या वाढींत ईप्रॉमचें महत्त्व मायक्रोप्रोसेसरइतकेंच आहे, असें मूर मानीत, तें याच कारणानें.

आतां ह्या चिपमध्यें लिहिणें आणि पुसणें कसें घडतें तें पाहूं. तरंगत्या दाराभोंवतीं सिलिकॉन डायऑक्साइडचें, म्हणजे एक प्रकारें कांचेचेंच, वेष्टण असतें. पहिल्या चिपमध्यें त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें दहा हजाराव्या भागाइतकी होती. नेहमींच्या कामाला ५ व्होल्टांचा दाब पुरतो. पण लिहितांना त्याच्या कितीतरी पट अधिक दाब द्यावा लागतो. त्या जोरानें इलेक्ट्रॉन हें कुंपण ओलांडून आंत शिरतात. दाब काढून घेतला कीं ते आंतच कोंडले जातात आणि वर्षानुवर्षें तेथेंच राहतात. त्यांना बाहेर काढावयाचें तर चिपवर जंबुपार किरण पाडावे लागतात. ह्या अदृश्य किरणांच्या कणांत इतकी शक्ति असते कीं ती मिळतांच इलेक्ट्रॉन कुंपणावरून उडी मारून निसटतात. साध्या कांचेंतून हे किरण पार होत नाहींत. म्हणून चिपच्या पाठीवर क्वार्ट्झच्या कांचेची एक वाटोळी खिडकी बसवीत. तिच्यांतून आंतील सिलिकॉनचा चौकोनी तुकडा आणि त्याला जोडलेल्या केंसासारख्या बारीक तारा नुसत्या डोळ्यांना दिसत. ज्यांनीं १९८० च्या सुमारास संगणक उघडून पाहिले त्यांच्या स्मरणांत ही खिडकी कायमची राहिली आहे.

पुसण्याचें काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. त्यासाठीं पाऱ्याच्या वाफेचा एक विशिष्ट दिवा पेटींत बसविलेला असे आणि चिप त्याच्याखालीं सुमारें एक इंचावर ठेवीत. दिवा नवा असेल तर सुमारें २० मिनिटांत चिप कोरी होई. परंतु दिवा जसा जुना होई तसे त्याचे अदृश्य किरण मंद पडत. डोळ्यांना दिसणारा निळसर उजेड मात्र पूर्वींसारखाच राही. म्हणून कारागिराला वाटे कीं दिवा उत्तम आहे आणि दोष चिपमध्यें आहे. दुसरें कारण खिडकीचें. चिपवर मजकुराचें नांव लिहिलेली चिठ्ठी डकविलेली असे; ती काढतांना तिचा गोंद कांचेवर राहून जाई. कधीं बोटाचा तेलकट ठसा, कधीं धूळ. हे डाग डोळ्यांना क्षुल्लक दिसत. पण जंबुपार किरणांना ते भिंतीप्रमाणें अडवीत, आणि डागाच्या सांवलींतील बिट पुसल्यावांचून राहत. तेव्हां चिप टाकून देण्यापूर्वीं खिडकी स्पिरिटनें स्वच्छ पुसून पाहावी, हा अनुभवी लोकांचा पहिला उपाय असे. तेच किरण डोळ्यांनाही अपाय करतात. म्हणून पेटीचें झांकण उघडलें कीं दिवा आपोआप विझावा अशी योजना चांगल्या पेट्यांत केलेली असे.

याहून कठीण दोष म्हणजे अर्धवट पुसलेली चिप. यंत्रावर तपासली तर ती पूर्ण कोरी दिसे. तिच्यावर मजकूर लिहिला तर तोही बरोबर वाचला जाई. पण तीच चिप कामाच्या यंत्रांत बसविली, यंत्र तापलें अथवा विजेचा दाब किंचित् कमी झाला, कीं भलताच आंकडा बाहेर येई. कारण असें कीं थोडेसे इलेक्ट्रॉन आंत शिल्लक राहिलेले असत आणि ती खूण धड एकही नसे, धड शून्यही नसे. ताम्रपटावरील हलक्या हातानें ठोकलेल्या अक्षराची ही सख्खी भावंड म्हटली पाहिजे. यावर दोन उपाय रूढ झाले. चिप कोरी दिसूं लागली कीं तेवढ्यावर न थांबतां आणखी कांहीं वेळ तिला दिव्याखालीं राहूं द्यावयाची, हा एक. दुसरा उपाय अधिक शास्त्रीय. पुसलेली चिप ५ व्होल्टांऐवजीं थोड्या कमी दाबावर वाचून पाहावयाची, आणि लिहिलेली चिप थोड्या अधिक दाबावर. कच्ची पुसलेली खूण पहिल्या कसोटींत उघडी पडते. कच्ची लिहिलेली दुसरींत. सोपी परीक्षा सर्वच उत्तीर्ण होतात. खरा कस लागतो तो परीक्षा किंचित् अवघड केली म्हणजेच.

लिहितांनाही घोटाळ्याच्या जागा पुष्कळ होत्या. १७०२ ह्या पहिल्या चिपला लिहिण्यासाठीं ५० च्या जवळपास व्होल्ट लागत. पुढें हा दाब उतरत गेला. ‘२७१६’ ला २५ व्होल्ट, ‘२७६४’ ला २१ व्होल्ट, आणि त्याच अंकापुढें ‘ए’ हें एकच अक्षर जोडलेल्या सुधारलेल्या चिपला अवघे साडेबारा. हें एक अक्षर नजरेंतून सुटलें आणि २१ व्होल्ट दिले गेले, कीं चिप कायमची निकामी. चिप उलटी बसविली तर ती हाताला चटका बसण्याइतकी तापे. एखादा पाय वांकून खोबणीबाहेर राहिला तर मजकुराचा ठराविक भागच पुन्हां पुन्हां चुके. आणि चूक नियमानें होते हीच गोष्ट जाणत्याला तिचें कारण सांगून जाई. चूक कोठें होते याहून ती कशा क्रमानें होते हें पाहावें, हा ह्या कामांतला एक मोठा धडा होता.

२७१६ ह्या चिपमध्यें २,०४८ बाइट मावत, आणि प्रत्येक बाइट लिहिण्यास एका सेकंदाचा विसावा भाग लागे. म्हणजे सबंध चिप भरण्यास सुमारें पावणेदोन मिनिटें. चिपा मोठ्या झाल्या तसा हा वेळ वाढूं लागला. तेव्हां अशी पद्धति निघाली कीं सेकंदाच्या हजाराव्या भागाचा एक ठोका द्यावा, खूण उमटली काय तें वाचून पाहावें, नसल्यास दुसरा ठोका द्यावा, आणि उमटल्यावर ती पक्की होण्यासाठीं आणखी एक लांब ठोका द्यावा. लिहावें आणि लगेच वाचून पाहावें, ही शिस्त येथून कायमची झाली. सर्व मजकूर भरल्यावर त्यांतील सगळ्या आंकड्यांची बेरीज मूळ बेरजेशीं ताडून पाहत. शाळेंत गुणाकाराचा ताळा पाहण्याची जी जुनी रीति, तीच ही.

ह्या चिपचा आणखी एक स्वभाव ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. २७१६ व तिच्या पुढच्या चिप्समध्यें कोरी जागा म्हणजे सर्वत्र एक. लिहिणें म्हणजे हव्या तेथील एकाचें शून्य करणें. शून्याचें पुन्हां एक करावयाचें तर संपूर्ण चिप दिव्याखालीं न्यावी लागे; एकच अक्षर पुसण्याची सोय नव्हती. पण चतुर कारागिरांनीं ह्या अडचणींतूनही वाट काढली. त्या काळच्या ८०८० नांवाच्या मायक्रोप्रोसेसरमध्यें सर्व शून्यें असलेल्या आंकड्याचा अर्थ ‘कांहीं करूं नये, पुढें जावें’ असा होता. म्हणून एखादी आज्ञा चुकीची ठरली तर चिप न पुसतां त्या आज्ञेच्या सर्व खुणा शून्य करून टाकीत. दस्तऐवजांतील नको असलेल्या शब्दांवर शाईची रेघ मारावी तसेंच हें झालें.

उघड्या खिडकीचा धोका वेगळाच. चिप उत्पादकांनीं सांगितल्याप्रमाणें उघड्या उन्हांत ठेवलेली चिप सुमारें एका आठवड्यांत, आणि खोलींतील ट्यूबलाइटच्या सतत उजेडांत सुमारें तीन वर्षांत पुसली जाऊं शके. म्हणून मजकूर भरल्यावर खिडकीवर अपारदर्शक चिठ्ठी लावणें आवश्यक होतें. ती चिठ्ठी म्हणजे केवळ नांवाची पाटी नसून त्या मजकुराचें छत्र असे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरांत आणि शिरोली व गोकुळ शिरगांव येथील वसाहतींत ओतकाम आणि यंत्रकाम पिढ्यान्‌पिढ्या चाललें आहे. अशा कोणत्याही यंत्रशाळेंत, जेथें संगणकाच्या आज्ञेनें चालणारें जुनें यंत्र अद्याप राबत असेल, तेथें त्या आज्ञा बहुधा अशाच एखाद्या चिठ्ठीखालीं कोंडलेल्या असतात. इलेक्ट्रॉन कांचेच्या कोंडींतून अत्यंत हळूहळू कां होईना, पण निसटत राहतात. एरव्हीं पोलाद, बेअरिंग आणि मोटर धडधाकट असतांना नुसत्या स्मृतिभ्रंशानें यंत्र बंद पडावें, हा प्रसंग टाळावयाचा तर चिप शाबूत आहे तोंच तिची नक्कल करून ठेवणें, एवढाच एक मार्ग आहे.

दिव्याची आणि खिडकीची दगदग टाळून विजेनेंच पुसतां यावें यासाठीं पुढें प्रयत्न झाले. १९७८ च्या सुमारास इंटेलमधील जॉर्ज पेर्लेगोस यांनीं वेष्टणाचा एक भाग अतिशय पातळ ठेवून विजेच्या जोरावर इलेक्ट्रॉन आंत नेणारी आणि बाहेरही काढणारी चिप तयार केली. एकेक बाइट पुसण्याची सोय झाली. पण चिप महाग पडे. जपानांत तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं निराळा विचार केला. एकेक अक्षर पुसण्याचा हट्ट सोडावा, सबंध पेटा एकदम पुसावा, म्हणजे रचना साधी होऊन किंमत उतरेल. १९८४ सालीं त्यांनीं हा शोध जाहीर केला. कॅमेऱ्याच्या क्षणिक लखलखाटाप्रमाणें सारें एका झटक्यांत पुसलें जातें, म्हणून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनीं त्याला ‘फ्लॅश’ हें नांव सुचविलें. आज प्रत्येक घरांतील मोबाइल फोन, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांत हीच स्मृति आहे. खिडकी गेली, दिवा गेला. पण कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांची मूळ युक्ति तीच राहिली.

जुने दोषही नव्या रूपानें राहिलेच. फ्लॅशमध्यें प्रत्येक पुसण्यागणिक वेष्टण थोडथोडें झिजतें. म्हणून पुसण्याला मर्यादा आहे. दुसरें असें कीं एखादें छायाचित्र ‘डिलीट’ केलें म्हणजे तें त्याच क्षणीं पुसलें जातेंच असें नाहीं. बहुधा सूचींतून त्याचें नांव तेवढें कमी होतें, आणि तो पेटा पुसण्याची पाळी येईपर्यंत मूळ खुणा जागच्या जागीं राहूं शकतात. जुनें कार्ड अथवा पेन ड्राइव्ह दुसऱ्यास देतांना गृहस्थानें ही गोष्ट विसरतां कामा नये. आधुनिक फोनांत यावर चांगली तोड निघाली आहे. मजकूर मुळांतच सांकेतिक रूपानें ठेवतात आणि फोन पूर्ण कोरा करतांना त्या संकेताची किल्लीच नष्ट करतात. मग खुणा राहिल्या तरी त्यांचा अर्थ कोणास लागत नाहीं.

पुसतां येणें आणि न येणें हा प्रश्न केवळ कारखान्याचा राहिलेला नाहीं. तो लोकशाहीच्या कारभारांतही आला आहे. भारतांत मतदानयंत्राचा पहिला उपयोग १९ मे १९८२ रोजीं केरळमधील परूर मतदारसंघांत ५० केंद्रांवर झाला. ह्या यंत्रांतील कार्यक्रम एकदांच लिहितां येईल आणि पुन्हां बदलतां येणार नाहीं अशा चिपमध्यें भरलेला असतो, अशी निवडणूक आयोगाची भूमिका राहिली आहे. म्हणजे येथें ईप्रॉमची सोय मुद्दाम नाकारून चाऊ यांच्या जाळलेल्या दुव्याचें तत्त्व पुन्हां पत्करलें आहे. २६ एप्रिल २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनीं निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केल्यास पांच टक्के यंत्रांतील ‘बर्न’ केलेली स्मृति उत्पादकांच्या अभियंत्यांकडून तपासली जावी. पुढें फेब्रुवारी २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें, ह्या तपासणींत यंत्रांतील माहिती पुसूं नये व नव्यानें भरूंही नये, असें आयोगास सांगितलें. जें आहे तें तपासावयाचें तर प्रथम तें जसेंच्या तसें राहिलें पाहिजे, हा न्याय ताम्रपटाच्या तंट्याइतकाच जुना आहे. ज्याच्या हातीं पुसण्याचें साधन, त्याच्यावर इतरांची नजर असावी, असें लोकांना सर्व काळीं वाटत आलें आहे, आणि तें योग्यच आहे.

फ्रोहमन यांनीं पुढें घानामधील कुमासी येथें कांहीं काळ विद्यार्थ्यांना विद्युत्‌शास्त्र शिकविलें, १९७४ सालीं हैफा येथें इंटेलची शाखा सुरू केली, आणि १९९१ सालीं त्यांना इस्रायलचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला. खिडकीच्या चिप्स आतां नव्या यंत्रांतून दिसेनाशा झाल्या आहेत; परंतु त्यांच्याबरोबर वाढलेली कामाची शिस्त अद्याप उपयोगी आहे. लिहिण्यापूर्वीं जागा खरोखर कोरी आहे कीं नाहीं हें पाहावें. लिहिल्याबरोबर वाचून ताळा घ्यावा. चिठ्ठीखालचा मजकूर शाबूत असतांनाच त्याची दुसरी प्रत करून निराळ्या जागीं ठेवावी. आज घरोघरीं लग्नामुंजीचीं छायाचित्रें, वडील माणसांचे आवाज आणि जमिनीच्या कागदांच्या नकला अशाच कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या भरंवशावर ठेवलेल्या आहेत. त्यांची वर्षांतून एकदां उघडून पाहणी करणें आणि महत्त्वाचें तेवढें कागदावर उतरवून ठेवणें, हें काम कोणत्याही गृहस्थाला एका दुपारींत उरकतां येण्यासारखें आहे.